मोत्याला ओढणी लाल दिसत नाही

गोष्टीत माणसं आणि प्राणी दोन्ही असतील, तर कोणाचं बोलणं कोणाला कळतं हे आधी ठरवा. पहिल्या पानावर नुसतं म्यांव करणारं मांजर दहाव्या पानावर मालकिणीशी हुज्जत घालू लागलं, की वाचक पुस्तक मिटतो.

मग प्रसंग प्राण्याच्या नाकाकानांनी लिहा. कुत्र्याला लाल आणि हिरवा रंग नीट वेगळे ओळखता येत नाहीत. म्हणजे 'मोत्याने लाल ओढणी पाहिली' हे माणसाचं वाक्य झालं. त्याऐवजी: 'ओढणीला तिचा वास होता, आणि खाली, अगदी पुसट, कुणा परक्या हाताचा.' बघा, रहस्यही आपोआप आलं! (मला हे तिसऱ्या खर्ड्यात सुचतं, पहिल्यात कधीच नाही.) आणि शेपूट दर ओळीला हलवू नका.