दुसरं बाळ येताना पहिल्याची तयारी कशी करावी

आमची थोरली तेव्हा सव्वातीन वर्षांची होती. "तुला खेळायला भाऊ नाहीतर बहीण येणार आहे," असं आम्ही तिला चार महिने सांगत होतो. धाकटा घरी आला त्या दिवशी तिने आपला लाल चेंडू शोधून आणला, त्याच्या पायांशी ठेवला आणि समोर मांडी घालून बसली. तो गाढ झोपलेला. तिने चेंडू जरा पुढे सरकवला. तो झोपलेलाच. पाचेक मिनिटांनी ती उठून माझ्यापाशी आली आणि नुसतं कळवल्यासारखं म्हणाली, "तो खेळत नाही."

चूक आमची होती. बाळाचं कौतुक आम्ही भरपूर केलं होतं, पण बाळ म्हणजे नक्की काय हे सांगायचं राहून गेलं होतं. शिवाय या दिवसांत लहान मुलाच्या मनात एकच प्रश्न घोळत असतो, 'मग माझं काय?' ते मूल तो तोंडाने विचारत नाही, म्हणून त्याचं उत्तर आपणच पुन्हा पुन्हा देत राहावं लागतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

पायरी १: सांगायची वेळ ठरवा

दीड-दोन वर्षांच्या मुलाला सात महिने आधी सांगून उपयोग नाही. 'उद्या' म्हणजे काय हेच त्याला नीट कळत नसतं. त्याला शेवटच्या काही आठवड्यांत सांगितलं तरी पुरतं. दोन ते चार वर्षांच्या मुलाला पोट दिसू लागलं की सांगावं. त्याहून मोठ्या मुलाच्या कानावर घरातल्या कुजबुजी पडतच असतात, त्यामुळे नातेवाइकांना सांगण्याआधी त्याला सांगितलेलं बरं. बहुतेक गर्भपात पहिल्या १२ आठवड्यांत होतात, म्हणून तोवर थांबणं शहाणपणाचं. मात्र आईला उलट्या होत असतील, ती सारखी पडून असेल, तर मूल घाबरतं. तेव्हा "आईला मळमळतंय, काही दिवसांनी बरं वाटेल" एवढं सांगून टाकावं.

बातमी आईवडिलांच्याच तोंडून कळायला हवी. जिन्यात भेटलेल्या शेजारीणबाईंनी "काय, ताई होणार ना तू?" असं विचारलं आणि पोरीला पत्ताच नाही, अशी वेळ येऊ देऊ नका.

तारीख सांगू नका. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेलाच जन्मणारी बाळं शंभरात जेमतेम चार-पाच असतात. कॅलेंडरवर फुल्या मारायला लावल्या आणि तो दिवस कोरडा गेला, की मुलाचा आपल्या शब्दावरचा विश्वास डळमळतो. "तुझ्या वाढदिवसानंतर", "शाळेला सुट्टी लागली की" अशी त्याला माहीत असलेली खूण द्या.

पायरी २: बाळ काय करतं आणि काय करत नाही, ते सांगा

या पायरीवर घाई करू नका. 'खेळायला कुणीतरी येणार' हे वाक्य आधी घरातून हद्दपार करा. नवजात बाळ दिवसाचे १४ ते १७ तास झोपतं. चोवीस तासांत ८ ते १२ वेळा दूध पितं. त्याला स्पष्ट दिसतं ते २०-३० सेंटिमीटरपर्यंतच, म्हणजे पाजणाऱ्या आईच्या चेहऱ्यापर्यंत. आपल्याकडे बघून ते हसू लागतं सहा ते आठ आठवड्यांनी, आणि त्याच सुमारास त्याचं रडणंही सगळ्यात जास्त असतं.

हे मुलाच्या भाषेत सांगायचं. "बाळ खूप झोपेल. उठलं की रडेल, कारण त्याला बोलता येत नाही. मग दूध पिईल, शू करेल आणि परत झोपेल. तुझ्याशी खेळायला त्याला खूप दिवस लागतील." ऐकायला हे कंटाळवाणं वाटतं, पण बाळ आल्यावर अगदी तसंच घडलं की मुलाला वाटतं, मला आधीच माहीत होतं! त्या वयात एवढा रुबाबसुद्धा मोठा असतो.

सोबत त्याचे स्वतःचे तान्हेपणीचे फोटो काढा. "हा तू. इथे तू चार दिवसांचा आहेस. बघ, कसा भोकाड पसरलायस." आपल्यालाही असंच कुशीत घेतलं होतं, आपल्यासाठीही आई रात्रभर जागली होती, हे त्याला फोटोत दिसू द्या. आमच्याकडे एकच अल्बम इतक्यांदा पाहिला गेला की त्याची शिवण उसवली.

'पोटात बाळ आहे' असं ऐकून काही मुलांना वाटतं की आईने बाळ खाल्लं. जेवण जातं त्या पोटात नाही, बाळासाठी वेगळी पिशवी असते, तिला गर्भाशय म्हणतात, हे सांगून टाका. पुढचे प्रश्न आले तर विचारलं तेवढंच आणि खरं उत्तर द्या.

पायरी ३: 'बाळामुळे' हा शब्द गाळा

ही पायरी छोटी आहे, पण अवघड. "बाळामुळे मला तुला उचलता येत नाही." "बाळामुळे आपण बाहेर जायचं नाही." अजून जन्मलंही नाही तोवर त्या बाळावर दहा आरोप झालेले असतात. त्याऐवजी "आज माझी पाठ दुखतेय, तू इथे माझ्या शेजारी बस" म्हणा. बाळ झाल्यावरही तेच. "बाळ झोपलंय, ओरडू नकोस" असं दिवसातून वीसदा ऐकणाऱ्या मुलाला ते बाळ आवडावं तरी कसं?

पायरी ४: मोठे बदल आधी उरका, नाहीतर पुढे ढकला

वेगळ्या पलंगावर झोपवणं, लंगोट सोडवणं, बाटली बंद करणं, पाळणाघर किंवा शाळा सुरू करणं, यातलं काही करायचं असेल तर प्रसूतीच्या दोन-तीन महिने आधी करा. ते जमलं नाही तर बाळ आल्यावर घडी बसेपर्यंत तो विषयच काढू नका. 'बाळ आलं आणि माझा पलंग गेला' असा हिशेब मुलं झटक्यात मांडतात. जुना पाळणा बाळाला द्यायचा असेल, तर तो आधी काही आठवडे नजरेआड ठेवा. आणि त्याचं खेळणं, मग ते कितीही मोडकं असो, त्याला विचारल्याशिवाय बाळाला देऊ नका.

पायरी ५: त्याला सामील करून घ्या, पण खोटे अधिकार देऊ नका

दुसऱ्या खेपेला आईला बाळाची हालचाल साधारण १६ ते २० आठवड्यांच्या दरम्यान जाणवू लागते. बाहेरून हात ठेवून कळायला त्याहून वेळ लागतो. चोविसाव्या-पंचविसाव्या आठवड्याच्या सुमारास बाळाला बाहेरचे आवाज ऐकू येऊ लागतात. मग पोटाशी तोंड नेऊन मोठ्याला काय हवं ते सांगू द्या. आमची थोरली फक्त तक्रारी सांगायची, त्याही बहुतेक बाबांच्या.

बाहुली घेऊन मानेखाली हात कसा द्यायचा, बसूनच कसं धरायचं, हे खेळता खेळता शिकवा. कपड्यांच्या घड्या, अंथरूण, पहिल्या दिवशी घालायचं टोपडं यातलं काही त्याला निवडू द्या. नाव मात्र त्याला ठरवू देऊ नका, निदान त्याने सुचवलेलं ठेवायची तुमची तयारी नसेल तर. नाहीतर पुढे 'मला विचारलं आणि ऐकलं नाही' हे ऐकून घ्यावं लागेल.

पायरी ६: प्रसूतीच्या दिवसांची रंगीत तालीम करा

आई रुग्णालयात असताना मूल कुणाजवळ राहणार, हे महिनाभर आधी ठरवा. त्या माणसाजवळ एक-दोन रात्री झोपायची सवय करा. रात्रीच्या गोष्टीचं पुस्तक कुठलं, पाण्याचा पेला कुठला, दिवा चालू ठेवायचा की बंद, हे लिहून द्या. आजीला सगळं माहीत असतं हे खरं, तरी लिहून द्या.

"कदाचित मी रात्री जाईन, तू झोपलेला असशील. सकाळी उठशील तेव्हा मावशी जवळ असेल," असं आधीच बोलून ठेवा. मूल रडेल म्हणून त्याला चुकवून निसटणं सोपं वाटतं, पण पुढे कित्येक दिवस ते आईचा पदर सोडत नाही. व्हिडिओ कॉल काहींना मानवतो, तर काही मुलं पडद्यावर आई दिसली की जास्तच रडतात. आपलं मूल कसं आहे ते बघून ठरवा.

सिझेरियन झालं तर साधारण सहा आठवडे आईने बाळापेक्षा जड काही उचलायचं नसतं. हे आधी सांगा आणि पर्यायही द्या. आई बसलेली असेल तेव्हा तू अलगद तिच्या कुशीत यायचं. एक उशी मध्ये ठेवली की टाक्यांना धक्का लागत नाही.

पायरी ७: पहिल्या भेटीत आईचे हात मोकळे ठेवा

मोठं मूल खोलीत येईल तेव्हा बाळ पाळण्यात किंवा दुसऱ्या कुणाच्या हातात असू द्या. आधी त्याला पोटाशी घ्या, त्याच्या गप्पा ऐका, बाळाचा विषय त्यालाच काढू द्या. पापी घे, हात लाव, फोटोसाठी हस, अशी सक्ती नको. ते खिडकीतून बाहेर बघत बसलं तर बसू द्या. स्पर्श करावासा वाटला तर सुरुवात पावलांपासून करावी.

बाळाने दादासाठी खाऊ आणला, खेळणं आणलं, ही युक्ती अनेकजण करतात. दोन वर्षांच्या मुलाला ती चालते. चार वर्षांचं मूल विचारतं, "याने पैसे कुठून आणले?" तेव्हा भेट द्यायचीच तर ती आपल्या नावाने द्या.

भेटायला येणाऱ्यांना दारातच सांगा: आधी मोठ्याशी बोला. "आता तुझे लाड संपले हं!" ही थट्टा करणाऱ्याला तिथल्या तिथे अडवा, मग तो कितीही मानाचा पाहुणा असो. मुलाला थट्टा कळत नाही, ते वाक्य तेवढं कळतं.

पायरी ८: पाजण्याच्या वेळा सांभाळा

बहुतेक भांडणं बाळाला पाजताना होतात, कारण तेव्हा आई अडकलेली असते आणि हे मुलाला बरोबर कळतं. एक टोपली करा, जी फक्त तेव्हाच निघेल. चित्रांची पुस्तकं, खडू, कोडी आणि थोडा कोरडा खाऊ तिच्यात ठेवा. एका हाताने बाळ धरून दुसऱ्या हाताने पुस्तकाचं पान उलटता येतं, सवयीने जमतं.

दिवसातून दहा-पंधरा मिनिटं फक्त मोठ्यासाठी. फोन दुसऱ्या खोलीत, बाळ दुसऱ्या कुणाकडे, आणि खेळ त्याच्या मर्जीचा. वडिलांनी हे करावंच, पण आईनेही रोज करावं, भले पाचच मिनिटं जमोत.

आणखी एक, मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट. बाळालाही मोठ्याने सांगा: "थांब रे राजा, आधी ताईच्या बुटाची नाडी बांधते." बाळाला त्यातलं काही कळत नाही. ज्याला कळायचं त्याला कळतं.

इंग्लंडमधल्या केंब्रिजमध्ये जूडी डन आणि कॅरल केंड्रिक या संशोधकांनी ४० कुटुंबांत दुसरं बाळ आल्यावर काय होतं ते पाहिलं होतं. ज्या घरांत आई पहिल्या आठवड्यांपासूनच मोठ्याशी बाळाबद्दल एक माणूस म्हणून बोलत होती, म्हणजे त्याला आता काय वाटत असेल, तो का रडत असेल असं, त्या घरांतली मोठी मुलं वर्षभरानंतर धाकट्याशी जास्त मायेने वागत होती. "काय वाटतं, का रडत असेल हा?" असा सल्ला मोठ्याला विचारत जा. उत्तरं भन्नाट मिळतात.

पायरी ९: मूल मागे गेलं तर मागे जाऊ द्या

सुटलेली शू पुन्हा अंथरुणात होते. बोबडं बोलणं सुरू होतं, बाटली मागितली जाते. पहिल्या मुलाच्या या अवस्थेला मानसोपचारतज्ज्ञ आल्फ्रेड आडलर यांनी सिंहासन गेलेल्या राजाची उपमा दिली होती. रागावू नका, चिडवू नका. हवी तर बाटली द्या, मांडीवर घेऊन झुलवा. बहुतेक मुलांचा हा सोस काही आठवड्यांत ओसरतो.

मारलं, चिमटा काढला, तर हात धरा. "मारू देणार नाही. राग आलाय ना, ये इकडे." 'लाज नाही वाटत?' हे शब्द टाळा. आणि बाळाला मोठ्याजवळ एकटं कधीच सोडू नका, अगदी दार उघडायला जातानाही नाही. टाळू मऊ असते, मान धरत नाही, आणि प्रेमाने मारलेली मिठीसुद्धा जड होते. बाळाला उचलून चालायचं नाही, त्याच्या शेजारी झोपायचं नाही, बाहेरून आलं की हात धुवायचे आणि सर्दी-खोकला असेल तर पापी घ्यायची नाही, हे नियम पहिल्या दिवसापासून. मोठ्याच्या लसी राहिल्या असतील तर बाळ येण्याआधीच पूर्ण करून घ्या. डांग्या खोकला तान्ह्या बाळाला फार धोकादायक ठरतो.

काही महिने उलटूनही मूल नीट खात-झोपत नसेल, गप्प गप्प राहत असेल किंवा बाळाला पुन्हा पुन्हा इजा करत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आणि बाळंतिणीला दोन आठवड्यांनंतरही सारखं रडू येत असेल, कशातच मन लागत नसेल, तर तिला स्वतःसाठी डॉक्टरांकडे न्या. आईचं बिनसलेलं मोठ्याला आधी कळतं.

पायरी १०: दुसऱ्या फेरीला तयार राहा

सगळं सुरळीत झालं असं वाटतं, तेवढ्यात आठ-नऊ महिन्यांचं बाळ रांगायला लागतं आणि मोठ्याच्या ठोकळ्यांच्या इमारती पाडतं. रुसवे-फुगवे परत सुरू होतात. मोठ्याला एक उंच फळी किंवा झाकणाचा डबा द्या, जिथे धाकट्याचा हात पोचणार नाही. तिथलं काहीही वाटून घ्यायची सक्ती नको.

आमच्याकडे तो लाल चेंडू त्या फळीवरच होता. धाकटा अकरा महिन्यांचा असताना थोरलीने एका दुपारी स्वतःहून तो खाली काढला, जमिनीवर बसली आणि त्याच्याकडे घरंगळत सोडला. त्याने दोन्ही हातांनी धरला, नीट निरखला आणि तोंडात घातला.

"आई," ती ओरडली, "हा खेळत नाही, खातो!"