‘कळत-नकळत’ खोडा: पश्चात्ताप प्रत्यक्षात कसा करायचा

दरवर्षी ३१ डिसेंबरला वर्षअखेरच्या उपासनेहून घरी पोचेपर्यंत माझ्या फोनवर पंधरा-वीस जणांचा एकच निरोप येऊन पडलेला असतो : ‘सरत्या वर्षात माझ्याकडून कळत-नकळत काही चुकलं असेल तर क्षमा असावी.’ मी उत्तर देत नाही. काय चुकलं हे ज्याला माहीतच नाही, त्याला क्षमा कशाची करू? आणि ज्याला माहीत आहे, त्यानं ते लिहिलेलं नाही.

मी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बरीच वर्षं ‘वडील’ म्हणजे कारभार पाहणारा जाणता म्हणून काम करतोय. उद्धार सभांत, म्हणजे पाप सोडून देवाकडे वळायला सांगणाऱ्या सभांत, ढसाढसा रडणारी माणसं पुष्कळ पाहिली, वळलेली फार थोडी. थोडा घोळ आपल्या शब्दाचाही आहे. पश्चात्ताप म्हणजे मागाहून होणारा ताप, आणि ताप दोन दिवसांत उतरतो. पवित्र शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, इब्री शब्द ‘शूव’ साधा, रस्त्यावरचा आहे : माघारी फिरणं. ग्रीक ‘मेटानोइया’ म्हणजे मनपालट. दोन्हींत डोळ्यांतल्या पाण्याची अट नाही. तेव्हा ‘मला रडूच येत नाही’ म्हणणाऱ्यांनी काळजी करू नये. रडून मोकळे झालेल्यांनी मात्र जरूर करावी.

‘माझा बाप्तिस्मा झालाय, मला आता हे कशाला?’ असंही विचारतात. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात झाला. तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, हे पुढे त्यांनी स्वतःच सांगितलं. रमाबाईंना जे कबूल करायला लाज वाटली नाही, ते तुम्हाआम्हाला वाटायचं कारण नाही.

आता कामाला लागू.

आधी कागदावर एक वाक्य लिहा. त्यात ‘मी’ पाहिजे आणि त्या ‘मी’नं केलेली गोष्ट पाहिजे. मराठी इथे फार सोयीची भाषा आहे : पैसे खर्च झाले, हात उठला, तोंडातून गेलं. जणू हात आणि तोंड शेजाऱ्याचं होतं! ‘सैतानानं मोहात पाडलं’ हेही त्यातलंच. आदामानं हव्वेवर ढकललं, हव्वेनं सर्पावर. ‘मी मारलं’, ‘मी खोटं बोललो’, ‘मी घेतले’ असं लिहा. कधी, किती, कुणाचं, तेही.

मग दार लावून बायबलमधलं स्तोत्र ५१, दावीद राजाची पापकबुली, मोठ्यानं वाचा आणि त्याखाली आपलं वाक्य वाचा. झालं. देवाला ते आधीच ठाऊक असतं, त्यामुळे ही पायरी सोपी आहे.

आणि सोपी आहे म्हणूनच बहुतेक जण इथेच मुक्काम करतात. येत्या रविवारी साक्ष देतात, म्हणजे ‘देवानं मला बदललं’ असं मंडळीपुढे सांगतात, लोक ‘आमेन’ म्हणतात. साक्षीची घाई करू नका. ज्याचं नुकसान केलं तो माणूस त्या वेळी घरी बसलेला असतो आणि त्याला यातलं काहीच कळलेलं नसतं. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात येशू काय सांगतो? अर्पण वेदीपुढे तसंच ठेव, आधी भावाकडे जा.

हे भावाकडे जाणं मला दोनदा करावं लागलं, कारण पहिल्या वेळी मी ते साफ बिघडवलं.

२०१० च्या डिसेंबरात लाल कांद्याला भाव सापडला होता. धाकटा भाऊ पुण्यात नोकरीला, शेत मी बघत होतो. त्याच्या वाट्याचे २९ क्विंटल मी विकले आणि भाव क्विंटलमागे ४०० रुपयांनी कमी सांगितला. त्यानं पट्टी, म्हणजे बाजारातली विक्रीची पावती, मागितली नाही. माझ्यावर विश्वास होता, दुसरं काय. ११,६०० रुपये मी खाल्ले.

पाच-सहा वर्षांनी एका उपास-प्रार्थनेत मन हललं आणि नाताळात मी त्याच्या घरी गेलो. म्हणालो, ‘त्या कांद्याच्या हिशेबात माझं जरा चुकलं. पण त्या वर्षी तुझ्या वहिनीचं ऑपरेशन होतं, आणि तूही कधी काही विचारलं नाहीस...’ तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘मग आता मी काय करू, दादा?’ आणि त्यानं टीव्हीचा आवाज वाढवला. मी तणतणत परत आलो. मी एवढा चालून गेलो, आणि हा असा! मंडळीत सांगून टाकलं की मी माझं केलं, पुढचं त्याचं तो जाणे. माफी मागून येताना समोरच्याचाच राग येत असेल तर समजा, आपण माफी मागायला गेलोच नव्हतो, पावती घ्यायला गेलो होतो.

मला जाग आणली ती शौल राजानं. एका रविवारी वाचनाची पाळी माझी होती, १ शमुवेल १५ वा अध्याय. देवाची आज्ञा मोडलेला शौल म्हणतो, ‘मी पाप केले आहे’, आणि लगेच कारण देतो की लोकांना भ्यालो. पुन्हा तेच म्हणतो आणि वर मागणं करतो की वडीलजनांपुढे माझा मान राख. पुढचा राजा दावीदही, त्याचं पाप दाखवायला आलेल्या नाथान संदेष्ट्यापुढे म्हणतो, ‘मी पाप केले आहे.’ शब्द तेच. दावीदाला त्या वेळी पुढे ‘पण’ जोडता आला नाही, मान मागता आला नाही. मी वाचता वाचता अडखळलो. लोकांना वाटलं चष्मा विसरला.

दुसऱ्या वेळी तयारी करून गेलो. बायबलमधल्या लेवीय पुस्तकाच्या ६ व्या अध्यायाचा नियम आहे : लुबाडलेलं पूर्ण परत, वर पाचवा हिस्सा. ११,६०० चा पाचवा हिस्सा २,३२०. एकूण १३,९२०. येशूला भेटून बदललेल्या जक्कय जकातदारानं चौपट देऊ केलं होतं, तेव्हा पाचवा हिस्सा हा किमान समजा. सगळी रक्कम एकदम नसेल तर हप्ते बांधा, पण तारखेनिशी. ‘जमेल तसं देईन’ ही फसवणुकीचीच पुढची आवृत्ती.

बोललो ते एवढंच : ‘२०१० ला तुझा कांदा मी विकला, भाव तुला चारशेनं कमी सांगितला. ११,६०० मी खाल्ले. हे ते पैसे, वर पाचवा हिस्सा.’ आणि गप्प बसलो. हे गप्प बसणं सगळ्यांत अवघड. तोंडाशी वहिनीचं ऑपरेशन येतं, आईची आठवण येते, ‘आपण ख्रिस्ती माणसं’ येतं. ओठ दाबून धरा. ‘मला क्षमा कर’ असा हट्टही तिथे धरू नका. क्षमा कधी करायची, करायची की नाही, हे त्याचं त्यानं ठरवायचं. पाळकांना सोबत नेऊन त्याच्यावर दडपण आणणं तर अजिबात नको.

भावानं माझ्यासमोर नोटा मोजल्या. दोनदा मोजल्या. आतून भावजय म्हणाली, ‘चहा टाकते, दादा.’ क्षमेचा शब्द त्या दिवशी निघाला नाही.

दोन ठिकाणी मात्र असं दारात जाऊन उभं राहू नका. तुमची मारहाण किंवा जबरदस्ती सोसलेली व्यक्ती तुम्हाला पाहून घाबरत असेल, तर तुमच्या मनाच्या हलकेपणासाठी तिच्यासमोर जायचा तुम्हाला हक्क नाही. ती स्वतः भेटायला तयार आहे का, हे तिच्या भरवशाच्या माणसाकडून कळलं तरच जा. आणि प्रकरण गुन्ह्याचं असेल, विशेषतः लेकराबाळांच्या बाबतीतलं, तर पोलिसांपुढे उभं राहणं हाच माघारी फिरण्याचा रस्ता. ‘घरातलं घरात, प्रार्थनेनं मिटवू’ म्हणणारे वडीलधारे मी पाहिलेत. प्रत्येक वेळी मिटवलं गेलं ते दुबळ्याचं तोंड.

राहिला बदल. येशूच्या आधी उपदेश करणाऱ्या योहानाकडे बाप्तिस्मा घ्यायला आलेल्यांनी ‘आम्ही काय करावं?’ असं विचारलं, तेव्हा त्यानं ध्यान करा असं सांगितलं नाही. जकातदाराला म्हणाला, ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नको. शिपायाला म्हणाला, पगारात भागव. पाप ज्या फटीतून शिरलं तीच फट बुजवायची. दारूचं असेल तर जाण्यायेण्याचा रस्ता बदला, फोनचं असेल तर रात्री तो स्वयंपाकघरात ठेवा. पुन्हा पडलात तर पुन्हा कागद घ्या, ‘कळत-नकळत’कडे वळू नका.

माझी फट पट्टीची होती. म्हणून अजूनही मार्केटमध्ये पट्टी हातात पडली की पैसे मोजायच्या आधी तिचा फोटो भावाला जातो. वजन, भाव, हमाली, तोलाई (वजन करण्याचे पैसे) सगळं दिसेल असा. तो उत्तरात ‘बघितली’ एवढंच लिहितो. परवा पहिल्यांदा त्यानं खाली लिहिलं, ‘दादा, तोलाई जास्त लावली का रे?’