शिडाची बोट रस्त्याने पाठवायची? आधी उंची मोजा, मग भाडं विचारा

बोट दुसऱ्या गावी न्यायची ठरली की लोक लगेच ट्रान्सपोर्टरला फोन लावतात आणि विचारतात, "किती घ्याल?" तो विचारतो बोट केवढी, हे सांगतात पस्तीस फुटी, आणि पलीकडून एक आकडा येतो. त्या आकड्याला काडीची किंमत नाही. पस्तीस फूट ही लांबी झाली, आणि रस्त्यावर लांबीपायी बोट क्वचितच अडते. ती अडते उंचीपायी, त्याखालोखाल रुंदीपायी. मोटरबोटीचा तळ ट्रेलरवर जवळजवळ बसतो; शिडाच्या बोटीखाली मात्र दीड-दोन मीटरची कील, म्हणजे तळाखालचा जड उभा पंखा, असतो आणि तिच्यावर बाकीची बोट उभी राहते. भाडं, परवाने, मार्ग, ट्रेलरचा प्रकार हे सगळं मुख्यतः त्या एका उंचीवरून ठरतं. म्हणून फोन नंतर, टेप आधी.

प्रवासाच्या दोन्ही टोकांना बोट उचलायची सोय आणि मालकीची कागदपत्रं तुमच्याकडे आहेत असं धरतो.

उंची मोजणं

माहितीपत्रकातला आकडा वापरू नका. एकाच मॉडेलच्या उथळ आणि खोल कीलच्या आवृत्त्या निघतात आणि त्यांत ३०-४० सेंटीमीटरचा फरक सहज असतो. शिवाय मधल्या मालकांपैकी कुणी मागे रडारची कमान उभारलेली असते, कुणी सौरपट्ट्यांची चौकट. माहितीपत्रकाला यातलं काही ठाऊक नसतं.

बोट जमिनीवर स्टँडवर असेल तर काम सोपं आहे. ती आडवी-उभी समतल आहे याची खात्री करा. उंच जागेवर एक सरळ फळी ठेवून तिचं टोक बोटीच्या कडेबाहेर काढा, पाणसळ लावा, टोकापासून ओळंबा सोडा आणि जमिनीपर्यंतचं अंतर मोजा. त्यातून कीलखालच्या ठोकळ्यांची उंची वजा करा. यार्डातली जमीन बहुधा पाणी वाहून जावं म्हणून उतरती केलेली असते. ओळंबा टेकतो ती जागा आणि कीलखालची जागा यांत दहा सेंटीमीटरचा फरक डोळ्यांना कळतही नाही, म्हणून गवंडी वापरतात तशी पाण्याची नळी घेऊन दोन्ही जागांची पातळी ताडून पाहा.

हे एका ठिकाणी मोजून भागत नाही. नाळेवरचा (बोटीच्या पुढच्या टोकावरचा) पाइपचा कठडा, केबिनचं छत, सुकाणूचाकाचा खांब आणि मागची कमान असेल तर ती, अशा प्रत्येक जागेचा आकडा वेगळा लिहा आणि त्यापुढे ती गोष्ट काढता येते की नाही हेही लिहा. ट्रान्सपोर्टर बोट चढवताना नाळ थोडी खाली झुकवून उंची कमी करू शकतो, पण तेव्हा सर्वांत उंच जागा बदलते. फक्त सर्वांत मोठा आकडा दिलात तर त्याला हा हिशोब करताच येत नाही.

बोट पाण्यात असेल तेव्हा बहुतेकांचं गणित चुकतं, आणि चुकतं ते नेमकं धोक्याच्या बाजूला. पाण्यापासून वरची उंची टेपने मोजायची आणि त्यात माहितीपत्रकातली कीलची खोली मिळवायची, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो वाईट सल्ला आहे. साखळी, अवजारं, पाणी आणि वर्षानुवर्षं साठलेलं सामान यांनी बोट कारखान्याच्या रेषेपेक्षा पाच-दहा सेंटीमीटर खाली बसलेली असते. तेवढी वरची उंची कमी भरते, पाण्याखालचा आकडा मात्र तुम्ही रिकाम्या बोटीचा धरता. बेरीज खऱ्या उंचीपेक्षा कमी येते आणि हे कळतं ते बोट ट्रेलरवर चढल्यावर. खात्रीचा मार्ग म्हणजे पाण्याची रेषा बोटीवर पेन्सिलने किंवा चिकटपट्टीने खुणावून ठेवायची आणि बोट वर निघाली की त्या खुणेपासून कीलच्या तळापर्यंत मोजायचं. तोवर ट्रान्सपोर्टरला आकडा द्यायचाच असेल तर "अंदाजे" हा शब्द लेखी घाला.

आता यात ट्रेलर मिळवा. बोटींसाठीच्या, मधून मोकळ्या हायड्रॉलिक ट्रेलरवर कीलचा तळ रस्त्यापासून साधारण १५ ते ३० सेंटीमीटर वर राहतो. खोलगट लो-बेडवर अर्ध्या मीटरच्या आसपास, पायरीच्या ट्रेलरवर मीटरभर आणि साध्या सपाट ट्रेलरवर सव्वा ते दीड मीटर. उदाहरण घ्या: पाण्यापासून कीलच्या तळापर्यंत १.८ मीटर, नाळेशी डेक पाण्यापासून १.३५ वर आणि त्यावर ०.६ चा कठडा, म्हणजे ३.७५. हायड्रॉलिक ट्रेलरचे ०.३ धरून ४.०५ मीटर. याच बोटीच्या केबिनचं छत पाण्यापासून १.६ वर असेल तर तिथली उंची ३.७० भरते. म्हणजे कठडा उतरवला की बोट ३५ सेंटीमीटरने बुटकी झाली. बऱ्याच देशांत वाहनाच्या उंचीची मर्यादा चार मीटर किंवा त्याहून किंचित जास्त असते. तिथे या काही बोल्टांवर साधी खेप की विशेष परवाना हे ठरतं. आणि हीच बोट, कठडा काढून, पायरीच्या ट्रेलरवर ठेवली तर ४.४ मीटर. म्हणून ट्रेलर कोणता हे न विचारता दिलेलं कोटेशन आणि कीलपासूनची उंची न विचारता दिलेलं कोटेशन, दोन्ही सरळ बाजूला ठेवा.

सगळं काढूनही छतच आड येत असेल तर आणखी खालचा ट्रेलर शोधा किंवा परवाना काढून उंचीचा मार्ग आखून घ्या. बोल्टने बसवलेली कील सोडवून वेगळी नेणं शक्य असतं, पण त्यात बोल्ट, सील आणि पुन्हा बसवणं हे मोठं काम आहे. ते यार्डातल्या जाणकाराशी बोलून आधी ठरवायचं असतं. ट्रक दारात उभा असताना ड्रायव्हरच्या सांगण्यावरून असा निर्णय घेऊ नका.

रुंदी आणि वजन

रुंदी सर्वांत फुगीर जागी, कडेच्या रबपट्टीसकट मोजा. २.५ ते २.६ मीटरच्या पुढे जवळपास सगळीकडे परवाना लागतो आणि दहा-अकरा मीटरची बोट बहुधा तीन मीटर ओलांडते. रुंदी वाढेल तशी दिवसाउजेडीच प्रवास, सोबत पायलट गाडी अशा अटी वाढत जातात. परवान्यावर लिहिलेली मापं आणि प्रत्यक्ष मापं जुळली नाहीत तर गाडी रस्त्यात अडवली जाते आणि खोळंब्याचे पैसे तुम्ही भरता.

वजनासाठी क्रेनवरचा काटा पाहा. माहितीपत्रकातलं वजन रिकाम्या बोटीचं असतं. पाण्याच्या टाक्या पूर्ण रिकाम्या करा, लिटरमागे एक किलो सरळ वाचतो.

ट्रान्सपोर्टर निवडणं

पहिला प्रश्न: ट्रक आणि ट्रेलर तुमचे स्वतःचे की तुम्ही दुसऱ्याला काम देणार? दलाल वाईटच असतो असं नाही, पण तो तुमचा विसार घेतो आणि स्वस्तात जाईल असा ट्रकवाला शोधत बसतो. तो सापडला नाही की तारीख पुढे जाते. दलालाकडूनच जायचं असेल तर प्रत्यक्ष नेणाऱ्याचं नाव, त्याच्या ट्रेलरचा प्रकार आणि त्याचा विमा कळल्याशिवाय पैसे देऊ नका. कील असलेल्या बोटी त्याने नेल्या आहेत का तेही विचारा. मोटरबोटींचा अनुभव इथे फारसा कामाचा नाही.

विम्याबाबत "आमचा पूर्ण विमा आहे" हे वाक्य ऐकून घ्या आणि विसरून जा. गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं तर भरपाई देणारा विमा वेगळा आणि गाडीवरच्या मालाचा विमा वेगळा. तुम्हाला दुसरा हवा. त्याचं प्रमाणपत्र विमा कंपनीकडून थेट मागवा. ट्रान्सपोर्टरने पाठवलेली जुनी प्रत चालणार नाही. त्यात तीन गोष्टी पाहा: एका खेपेची कमाल रक्कम तुमच्या बोटीच्या किमतीला पुरते का, पहिली किती रक्कम विमा देत नाही आणि काय वगळलं आहे. आतलं सुटं सामान, मालकाने स्वतः बांधलेली डोलकाठी, कापडी छप्परं ही बहुधा वगळलेली असतात. तुमच्या स्वतःच्या पॉलिसीत रस्त्यावरचा प्रवास धरला आहे का तेही विचारा. बऱ्याचदा तो वेगळा जोडून घ्यावा लागतो.

कोटेशन लेखी घ्या आणि त्यात भाडं, परवाने, पायलट गाडी, टोल, इंधनवाढ आणि हॉल्टिंग वेगवेगळं मांडून घ्या. क्रेन सहसा धरलेली नसते. हॉल्टिंगकडे विशेष लक्ष द्या: ट्रक आल्यावर किती तास मोफत थांबेल आणि त्यापुढे तासाला किती. क्रेन दुसऱ्या बोटीत अडकली, वारा वाढला म्हणून उचलणं थांबलं, तरी मीटर तुमच्या नावावर चालतो. सर्वांत स्वस्त कोटेशनमध्ये नेमक्या याच ओळी गायब असतात. आणि बाहेरच्या ट्रकला यार्डात प्रवेश आहे का, वळायला जागा आहे का, हे दोन्ही यार्डांना आधी विचारा.

डोलकाठी

डोलकाठी उतरवण्याआधी तिला ताणून धरणाऱ्या प्रत्येक तारेला दोन्ही टोकांना नाव लावा. टर्नबकल (तारेचा ताण कमी-जास्त करायचा स्क्रू) सोडवण्याआधी बाहेर दिसणाऱ्या आट्यांची लांबी मोजून लिहा, नाहीतर नव्या जागी ताण पुन्हा जुळवण्यात दिवस जातो. आडव्या काठ्या, वाऱ्याची यंत्रं, अँटेना, दिवे काढा. बुडाशी येणाऱ्या विजेच्या तारा कनेक्टरपाशी सोडा, कापू नका. तारा काठीला जागोजागी बांधा, मध्ये जुना गालिचा घाला, कारण तार ॲल्युमिनियमवर शेकडो किलोमीटर घासली की खोल चरे पडतात.

काठी नाळेच्या आणि मागच्या कठड्यांवर आडवी टाकून नेऊ नका. उंची वाढते आणि धक्क्यांनी कठड्यांच्या बैठकी सैल होतात. तिची जागा ट्रेलरवर बोटीच्या बाजूला आहे.

बाकीची तयारी

शिडं, कापडी छप्परं, आउटबोर्ड इंजिन, डिंगी (सोबतची छोटी होडी) आणि गॅसची नळकांडी काढा. बॅटरीच्या तारा सोडा, तळाचं पाणी उपसा, डिझेल पाव टाकीच्या खाली आणा. आतलं सुटं सामान खाली ठेवून बांधा. झाकणं आतून बंद करून बाहेरून पट्टी लावा, पण रंगाऱ्याची मास्किंग टेप वापरा. चंदेरी डक्ट टेपचा गोंद उन्हात जेलकोटवर, म्हणजे फायबरवरच्या गुळगुळीत थरावर, राहतो. बोटीवर ताडपत्री टाकू नका. वाऱ्यात ती फडफडून पॉलिश उतरवते.

चढवताना

ड्रायव्हर आपलं काम जाणतो, पण तुमच्या बोटीची आतली रचना त्याला दिसत नाही. बोटीचं कडेचं चित्र किंवा पाण्याबाहेरचा फोटो द्या आणि क्रेनच्या पट्ट्यांच्या जागा, आतल्या आडव्या भिंती, वेगमापकाची चकती, प्रोपेलरचा शाफ्ट हे सगळं बाहेरून चिकटपट्टीने खुणावून ठेवा. वजन कीलने पेलायचं असतं. बाजूचे पॅड फक्त तोल धरतात. पॅड आतल्या भिंतींच्या रेषेत यायला हवेत. मधल्या मोकळ्या भागावर जोरात दाबले तर तिथलं फायबर आत दबतं आणि जेलकोटला कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडतात. बोट टेकल्यावर आत जाऊन कपाटांची दारं उघडून पाहा. अडकत असतील तर कुठेतरी जास्त दाब आला आहे. सुकाणूवर अजिबात भार नको. डेकवरून जाणाऱ्या पट्ट्यांखाली गालिचा हवा, आणि पट्टे कठड्याच्या खांबांवरून जाता कामा नयेत.

मग चारही बाजूंनी, तळासकट, फोटो काढा. ट्रान्सपोर्टरच्या कागदावर जुने ओरखडे लिहिले जातात तेव्हा शेजारी उभे राहा. "सर्व बाजूंनी ओरखडे" असं मोघम लिहू देऊ नका. रस्त्यापासूनची एकूण उंची ट्रेलरवर, पट्टे आवळल्यावर, पुन्हा एकदा टेपने मोजा आणि परवान्याशी ताडा.

पोचल्यावर

बोट उतरायच्या आधी बघा: पॅडच्या जागा, कील आणि तळाचा सांधा, डोलकाठी. नवं काही दिसलं तर सही करण्यापूर्वी त्याच कागदावर लिहा आणि ड्रायव्हरची सही घ्या. नंतर फोनवर केलेली तक्रार विमा कंपनी सहसा मानत नाही. पॅडखालचा तळाचा रंग घासला गेला असेल तर पट्ट्यांवर लटकलेली असतानाच लावून घ्या. पाण्यात सोडल्यावर पट्टे सैल करू नका. आधी आत जाऊन तळाचे सगळे व्हॉल्व्ह, शाफ्टचं सील आणि कीलचे बोल्ट कोरडे आहेत का पाहा, मग क्रेनवाल्याला हात करा.