ब्रिटिश कास्क एल चाखताना

कास्क एल, म्हणजे पिंपातच तयार होणारी पारंपरिक ब्रिटिश बिअर, ब्रुअरीतून बाहेर पडते तेव्हा ती पूर्ण झालेली नसते. ती पाश्चरीकरण न करता आणि यीस्ट गाळून न टाकता पिंपात भरली जाते. त्या जिवंत यीस्टमुळे उरलेल्या साखरेचे पिंपातच दुसरे किण्वन होते आणि त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड बिअरमध्ये हलकेच विरघळतो. पुढे पबच्या तळघरात पिंप आडवे ठेवून, छोट्या लाकडी खुंटीवाटे जादा वायू सोडून आणि गाळ खाली बसू देऊन तिला पिण्याजोगी करण्याची जबाबदारी पबचालकाची असते. त्यामुळे प्रत्येक ग्लासात दोन कारागिरांचे काम एकत्र आलेले असते: माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य), हॉप्स (कडवटपणा आणि गंध देणारी फुले) आणि यीस्ट यांची निवड ब्रुअरीची, तर ताजेपणा आणि जोम तळघराचा. ही दोन कामे वेगवेगळी ओळखता येऊ लागली की या बिअरची खरी गोडी कळते, असे मला मनापासून वाटते.

म्हणून सुरुवात पबच्या निवडीपासून करावी. पिंपातून बिअर काढली जाते तशी आत हवा शिरते आणि साधारण तीन दिवसांनंतर चव उतरू लागते. पबांमध्ये सर्रास दिसणाऱ्या फर्किन या पिंपात ९ गॅलन, म्हणजे ७२ पाइंट, बिअर मावते. एवढी बिअर त्या मुदतीत संपवायची तर गिऱ्हाईक हवे. तळघरातून बिअर ओढणारे दहा हातपंप असलेल्या ओस पबपेक्षा दोन-तीनच पंप असलेला, पण ते सतत ओढले जात असलेला पब नेहमीच चांगला. पब उघडताच पहिला ग्लास घेणेही टाळावे, कारण रात्रभर नळीत राहिलेली बिअर त्यात येऊ शकते.

पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर. तुलना करायची असेल तर अर्धा किंवा एक तृतीयांश पाइंट मागावा. कित्येक ठिकाणी विनंती केल्यास आधी घोटभर चाखायलाही देतात. क्रम अल्कोहोलच्या प्रमाणानुसार लावावा, रंगावरून नाही. माइल्ड या प्रकारची गडद एल बहुधा ३ ते ३.५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे सौम्य असते. मात्र इंग्लंडमधील सेजली येथील सारा ह्यूज ब्रुअरीची डार्क रुबी माइल्ड ६ टक्के आहे, ती शेवटीच घ्यावी.

कास्क एल कोमट असते हा समज चुकीचा आहे. तळघराचे तापमान ११ ते १३ अंश सेल्सिअस असावे लागते, म्हणजे ग्लास हाताला गार लागला पाहिजे. तो बर्फासारखा थंड असेल तर दोन-चार मिनिटे थांबावे, नाहीतर वास दबलेलाच राहतो. मग ग्लास हलका फिरवून हुंगावे. बिस्किट, टॉफी किंवा सुक्या मेव्याची आठवण करून देणारा गंध माल्टचा असतो, फळांचा गंध बहुतांशी यीस्टचा, तर फगल आणि गोल्डिंग्ज या जुन्या इंग्रजी हॉप्समधून मातीचा आणि फुलांचा मंद वास येतो. घोट तोंडभर घ्यावा आणि गिळल्यानंतर थोडे थांबावे, कारण कडवटपणा किती टिकतो व कसा ओसरतो हे तेव्हाच समजते.

प्रदेशांतला फरक समजून घेण्यासाठी दक्षिण इंग्लंडमधल्या ससेक्समधील लुइस गावच्या हार्वीज ब्रुअरीची ४ टक्क्यांची ससेक्स बेस्ट आणि उत्तरेकडच्या यॉर्कशायरमधील कीथली येथील टिमोथी टेलरची ४.३ टक्क्यांची लँडलॉर्ड या दोन बिटर, म्हणजे हॉप्सचा कडवटपणा जाणवणाऱ्या एल, घ्याव्यात, आणि शक्य असल्यास प्रत्येक तिच्या स्वतःच्या मुलखातच प्यावी. हार्वीजचे यीस्ट मुळात १९५७ मध्ये यॉर्कशायरच्या टॅडकास्टरहून आले आणि तेव्हापासून पिढ्यानपिढ्या तेच वापरले जात आहे. उत्तरेत पंपाच्या तोटीला बारीक भोकांची स्पार्कलर बसवतात. तिच्यामुळे दाट, मऊ फेस येतो आणि कडवटपणा काहीसा गुळगुळीत लागतो. दक्षिणेत ती सहसा नसते, त्यामुळे फेस पातळ दिसला म्हणून ग्लासाला नावे ठेवू नयेत. इंग्लंडमधील बर्टन-ऑन-ट्रेंटच्या बिअरमध्ये जळलेल्या काडेपेटीच्या काडीसारखा पुसट वास आला तर तोही दोष मानू नये. तेथील पाण्यात जिप्सम हे खनिज मुबलक असते आणि त्यातील सल्फेटमुळे हा वास येतो, शिवाय हॉप्सचा कडवटपणा कोरडा व ठसठशीत होतो.

खरे दोष निराळे असतात. व्हिनेगरचा आंबटपणा किंवा ओल्या पुठ्ठ्याचा वास आला, तर पिंप बहुधा फार दिवस उघडे राहिले आहे. बिअर अगदीच निर्जीव, सपाट लागली, तर पिंपातला वायू निघून गेलेला असतो. गढूळपणावर मात्र एकट्याने निर्णय देऊ नये. गाळ लवकर बसावा म्हणून पारंपरिकपणे माशाच्या वाताशयापासून केलेले आयसिंग्लास वापरतात. काही ब्रुअरी ते मुद्दाम टाळतात आणि त्यांची एल धूसरच असते. शाकाहारी व्यक्तीने हे आधी विचारून घ्यावे. दोषाची खात्री झाली तर दोन घोटांतच, ग्लास भरलेला असताना, काउंटरवर जाऊन नेमकी काय चव लागते ते शांतपणे सांगावे. चांगला पबचालक स्वतः चाखून पाहतो, दुसऱ्या पंपाची बिअर देतो आणि ते पिंप बदलतो.