संघटित गुन्हा कसा ओळखावा?

खाडीत रात्री वाळू उपसताना दहाजण सापडले, की दुसऱ्या दिवशी ‘संघटित टोळी’ हा शब्द हमखास कानावर येतो. तो वापरण्याआधी डोकी मोजू नयेत. आज पकडलेली माणसे आत गेली तरी उद्या हा धंदा चालूच राहील का, हे आधी विचारावे.

होडीतून हातपाटीने विनापरवाना वाळू काढणारे चौघे भाऊबंद गुन्हा करतात, पण तो वाळूचोरीचा. याउलट, सक्शन पंप एकाचा, डंपर दुसऱ्याचे, महसूलची गाडी दिसताच फोन करायला पुलावर बसवलेला पोरगा तिसराच, तक्रारदार ग्रामस्थाच्या घरी जाऊन दम देणारे आणखी वेगळे आणि या सगळ्यांना पैसे पोचवणारा माणूस खाडीकडे कधी फिरकतही नाही, असे दिसले तर टोळीचा संशय घ्यायला जागा आहे.

मग कायदा उघडावा. महाराष्ट्राच्या १९९९ च्या संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्यानुसार, म्हणजे मोक्कानुसार, टोळी दोघांचीही असू शकते; मात्र मागील १० वर्षांत एकापेक्षा अधिक आरोपपत्रे दाखल होऊन न्यायालयाने त्यांची दखल घेतलेली असावी लागते, आणि हिंसा, धाक किंवा अन्य बेकायदा मार्गाने प्रामुख्याने आर्थिक लाभ उकळण्याचा हेतू दिसावा लागतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम १११ संघटित गुन्ह्याचे, तर ११२ किरकोळ संघटित गुन्ह्याचे आहे.

दरोडा आणि कट यांच्यापासूनही संघटित गुन्हा वेगळा काढावा. दरोड्याला पाच माणसे लागतात, पण तो एका रात्रीत संपू शकतो. कटाला दोघांचे संगनमत पुरते.

दहशतवादाशी मात्र गल्लत सहज होते, आणि ती आपल्याच किनाऱ्यावर नीट समजून घेता येते. श्रीवर्धन तालुक्यातील शेखाडीला १९९३ च्या फेब्रुवारीत आरडीएक्स हे स्फोटक उतरले. वाट तस्करीचीच होती, आणि पुढे कस्टम्सचे अधिकारी व पोलीसही दोषी ठरले. परंतु १२ मार्चच्या मुंबईतील स्फोटांमागचा हेतू नफ्याचा नव्हता, म्हणून खटला टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखाली चालला. साधने, माणसे आणि बंदर तेच असले तरी हेतू बदलला की गुन्ह्याची जात बदलते, हा फरक मला सर्वांत मोलाचा वाटतो.

‘मोक्का लावणार’ असे कोणी सांगितले, तर पोलीस उपमहानिरीक्षक किंवा त्यांच्याहून वरिष्ठ अधिकाऱ्याची पूर्वमान्यता मिळाली आहे का, हे विचारावे. ती नसेल तर त्या कायद्याखाली गुन्ह्याची नोंदच होऊ शकत नाही.