सायनस भरलं की घरी काय करायचं, आणि नाक धुवायचं पाणी कसं बनवायचं

कापूस वेचायचे दिवस आले की आमच्या घरात कोणाचं ना कोणाचं सायनस भरतंच. दिवसभर शेतात धूळ अन् कापसाचे तंतू, त्यात दिवाळीनंतरची पहाटेची थंडी, मग आई आहिराणीत म्हणते "नाक चोंदी गयं" आणि दोन दिवसांत वाकलं तरी कपाळ ठणकायला लागतं, गाल जड होतात, काहींना तर वरच्या दाढाच दुखताहेत असं वाटतं.

आधी हे सांगते की बहुतेक वेळा हे सर्दीच्या व्हायरसनेच होतं आणि 7 ते 10 दिवसांत उतरतं, व्हायरसवर अँटीबायोटिक चालत नाही, म्हणून मेडिकलवरून मनाने गोळ्या आणू नका. घरच्या उपायांनी इन्फेक्शन मरत नाही, पण आत साचलेला शेंबूड पातळ होऊन निघाला की डोकं हलकं होतं आणि रात्री झोप लागते, आणि त्या दिवसांत तेवढंच पाहिजे असतं.

सगळ्यात जास्त फरक पडतो तो मिठाच्या पाण्याने नाक धुतल्यावर, म्हणजे आपली जलनेती. पण पाणी उकळलेलंच पाहिजे, याबाबतीत मी कोणाचं ऐकत नाही. नळाचं, बोअरचं, आरओचं, कुठलंही असो, खळखळ उकळी फुटल्यावर निदान 1 मिनिट तसंच उकळू द्यायचं, मग झाकून कोमट होऊ द्यायचं. साध्या पाण्यात नेग्लेरिया नावाचा अमिबा असू शकतो, तो पोटात गेला तर काही होत नाही पण नाकातून मेंदूपर्यंत जातो. केरळमध्ये 2024 मध्ये अशा मेंदूच्या आजाराने लहान मुलं गेली आहेत.

साधारण 240 मिली पाण्यात अर्धा छोटा चमचा मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा. आयोडीन नसलेलं मीठ मिळालं तर बरं, आयोडीनचं काहींना चुरचुरतं. मीठ कमी पडलं तरी नाक झोंबतं, त्यामुळे अंदाजे टाकू नका, नाहीतर मेडिकलमध्ये तयार पुड्या मिळतात त्या घ्या. बेसिनवर वाकून डोकं एका बाजूला तिरकं करायचं, तोंडाने श्वास चालू ठेवायचा, नेतीपात्राची तोटी वरच्या नाकपुडीला लावून हळूहळू ओतायचं, पाणी आपोआप खालच्या नाकपुडीतून येतं. पहिल्यांदा घाबरायला होतं, घशात आलं तर थुंकून टाका. नंतर एकेक नाकपुडी हळूच शिंकरा, जोर लावला की कानात दडे बसतात. पात्र दरवेळी धुवून कोरडं करा.

दुसरं म्हणजे ओव्याची पुरचुंडी. मूठभर ओवा तव्यावर वास सुटेपर्यंत भाजायचा, सुती रुमालात बांधायचा, आधी आपल्या मनगटाला टेकवून बघायचं, मग कपाळ अन् गाल शेकायचे, डोळ्यांवर नाही. वाफारा मोठ्यांनी घ्यावा पण जपून, आणि लहान मुलांना उकळत्या पातेल्यासमोर बसवूच नका, पातेलं कलंडून पोरं भाजतात. त्यांना गरम पाण्याने आंघोळ घाला, बाथरूममधली वाफ पुरते.

शेवभाजीचा तर्रीवाला रस्सा ओरपला की नाक सुटतं खरं, पण अर्ध्या तासात परत तसंच होतं. त्यापेक्षा दिवसभर कोमट पाणी, सुंठ घातलेला गवती चहा घ्या, झोपताना दोन उशा घ्या. नाकात लसूण किंवा कांद्याचा रस घालू नका, आतली नाजूक कातडी पोळते. नाक मोकळं करणारे झायलोमेटाझोलिनचे ड्रॉप 3 ते 5 दिवसांच्या वर नको, नंतर ते बंद केले की नाक जास्तच चोंदतं.

10 दिवस झाले तरी उतरत नाही, बरं वाटून परत वाढलं, किंवा 102 च्या वर ताप असेल तर कान-नाक-घसा डॉक्टरकडे जा. घरात कोणाला शुगर असेल तर इतके दिवसही थांबू नका, 2021 ला कोरोनानंतर म्युकरमायकोसिस, म्हणजे काळी बुरशी, अशाच सायनसमधून डोळ्यापर्यंत गेला होता. आणि डोळ्याभोवती सूज, एकाचे दोन दिसणं, मान आखडणं, असलं काही दिसलं तर रात्र असली तरी गाडी काढा अन् तालुक्याचं नाही, थेट जिल्ह्याचं हॉस्पिटल गाठा.