मोगऱ्याला नुसती पानंच येत होती, छाटणीने फरक पडला

आमच्या टेरेसवरचा मोगरा दिसायला हिरवागार पण उन्हाळ्यात फुलं म्हणाल तर देवाला वाहण्यापुरतीसुद्धा नाहीत. ऊन भरपूर होतं, खतही घालून झालं, ढिम्म फरक नाही. मोगऱ्याला कळी येते ती नवीन फुटव्याच्या टोकाला, जुन्या फांदीवर कितीही जीव टाकला तरी उपयोग नाही, म्हणून मग जानेवारीत पाणी कमी केलं, अगदी बंद नाही, पानं मलूल झाली की थोडंसं, असं करत पानं पिवळी पडू दिली. महिनाअखेरीला कात्री स्पिरिटने पुसून सगळ्या फांद्या साधारण अर्ध्यावर आणल्या, वाळक्या आणि आत घुसणाऱ्या बुडातूनच काढल्या. काप डोळ्याच्या, म्हणजे फांदीवर जिथून नवा फुटवा निघतो त्या जागेच्या, जरासा वर घ्यायचा, चिकटून घेतला तर डोळाच वाळतो. उरलेली पानंपण हाताने काढली, सासूबाई म्हणाल्या, "अगं, मारलंस की झाड!" दिसत होतं खरं तसंच, नुसत्या काड्या 😅 मग वरची माती उकरून शेणखत आणि पोटभर पाणी.

थोड्या दिवसांनी प्रत्येक पेरावर समोरासमोर दोन पोपटी फुटवे, आणि पुढे टोकांना तीन-तीन कळ्यांचे झुपके. बहर सरला की ती टोकं दोन पानांसकट खुडा, परत फुटतो. युरिया मात्र नको, पानंच माजतात. आणि हा जानेवारीचा प्रयोग अनंतावर करू नका, त्याच्या कळ्या आधीच्या वाढीवर धरतात, त्याला कात्री फुलं संपल्यावरच.